सुधारक म्हणाले बारा, टिळक म्हणाले सोळा

१९ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने दंडसंहितेतला एक आकडा बदलला. १८६० च्या संहितेनुसार दहा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध ठेवला तर तो बलात्कार ठरायचा, मग ठेवणारा तिचा नवरा का असेना. त्या दहाचे बारा झाले. बस्स, एवढेच. लग्न कोणत्या वयात लावायचे यावर कायदा अवाक्षर काढत नव्हता. तरी या दोन वर्षांवरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या, वर्तमानपत्रांनी एकमेकांची सालटी काढली, आणि आधीच ताणलेल्या काही मैत्र्या पार तुटल्या.

उदारमतवादी आणि परंपरावादी यांच्यात फरक काय, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: एकाला नवे हवे, दुसऱ्याला जुने. संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाचा, हा वाद जवळून पाहिला तर ते उत्तर टिकत नाही. कायद्याच्या बाजूचे लोक बारा म्हणत होते. आणि कायद्याला विरोध करणाऱ्या टिळकांनी १८९० साली सुचवले होते की मुलीचे लग्न सोळाच्या आत लावू नये, मुलाचे विसाच्या आत नको, आणि चाळिशी उलटलेल्या पुरुषाला पुन्हा लग्न करायचेच असेल तर त्याने विधवेशी करावे. आजच्या वाचकाला यात टिळकच पुढारलेले वाटतील. मग भांडण होते कशावरून?

ते होते कोणी ठरवायचे आणि कसे बदलायचे यावरून. टिळकांचे सोळा हा स्वेच्छेचा करार होता. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे, लोकांना पटवावे, आणि समाज आतून बदलू द्यावा. सुधारकांचे बारा हा कायदा होता. कोणाला पटो न पटो, मोडला तर तुरुंग. हा फरक लक्षात आला की उदारमतवाद आणि परंपरावाद यांचा निम्माअधिक गुंता सुटतो.

पार्श्वभूमी थोडक्यात

१८८४ मध्ये मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे लिहून देशभरच्या पुढाऱ्यांना पाठवली आणि सरकारने यात लक्ष घालावे अशी मागणी केली. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. नवरा, दादाजी भिकाजी, कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. आपण तुरुंगात जाऊ, असे रखमाबाईंनी सांगितले. शेवटी १८८८ मध्ये दादाजीला पैसे देऊन प्रकरण मिटले. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन इथेच काम केले.

या खटल्यातली एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. बायकोला नांदायला पाठवा, असा हुकूम कोर्टाकडून मिळवण्याची सोय मुळात हिंदू शास्त्रांतली नव्हतीच. ती इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आली होती, आणि पिन्हे यांनी आपल्या निकालात हे स्पष्ट म्हटले होते. पण 'केसरी'सह सनातनी बाजू ती सोय हिंदू धर्माची आण असल्यासारखी लढवत होती. परंपरा म्हणून ज्याचे रक्षण चालते ते किती जुने आहे, हे तपासून पाहण्याची सवय परंपरावाद्यांना क्वचितच असते. (सुधारकांनाही आपली नवी कल्पना किती जुनी आहे ते ठाऊक नसते, पण ते जाऊ दे.)

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला चालला. दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने रक्तस्राव होऊन मेली. तिने दहा वर्षे ओलांडली होती, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच होईना. जानेवारी १८९१ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदा सदस्य अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचे विधेयक मांडले ते या पार्श्वभूमीवर.

एकाच गावात चार उत्तरे

रामकृष्ण गोपाळ भांडारकर विधेयकाच्या बाजूने होते आणि त्यांनी ग्रंथ उघडले. धर्मशास्त्रातली वचने काढून त्यांनी दाखवले की मुलगी वयात आल्याबरोबर लगेच गर्भाधान (पहिल्या शरीरसंबंधाचा संस्कार) झालेच पाहिजे असे शास्त्र म्हणत नाही, सबब बाराचा कायदा धर्माविरुद्ध जात नाही. टिळकांनी त्यांना वचनांनीच उत्तर दिले. दोघेही संस्कृतात मुरलेले, त्यामुळे हा शास्त्रार्थ चांगलाच रंगला. इथे एक गंमत आहे. भांडारकरांचे उद्दिष्ट सुधारकी होते, पण युक्तिवादाची पद्धत पूर्ण परंपरावादी: जुने प्रमाण दाखवा, मग नवे करा.

गोपाळ गणेश आगरकरांना हे मान्य नव्हते. 'केसरी'चे ते पहिले संपादक. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात (तिथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात) टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेले. मतभेद झाल्यावर 'केसरी' सोडून १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. त्यांचे म्हणणे असे की एखादी चाल चांगली की वाईट हे ठरवायला बुद्धी आहे. मनू काय म्हणतो हा प्रश्न मुळातच गैरलागू. शास्त्रात बारा असते तर ठीक आणि नसते तर मुलींनी मरायचे का? पुण्याच्या लोकांनी या माणसाची तो जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. त्यांनी चाळिशीही गाठली नाही.

महादेव गोविंद रानडे या दोघांच्या मध्ये कुठेतरी. विधेयकाला पाठिंबा, पण सुधारणेच्या मार्गांबद्दल मत फार सावध. सुधारणेचे चार मार्ग ते सांगत: शास्त्राचा नवा अर्थ लावणे, माणसाच्या सदसद्विवेकाला आवाहन करणे, कायद्याच्या किंवा जातीच्या दंडाने भाग पाडणे, आणि सरळ बंड करून बाहेर पडणे. यातला शेवटचा त्यांना नको होता, कारण त्यात मागच्याशी असलेला धागा तुटतो. प्रार्थना समाजाचे असूनही ते हिंदू समाजाच्या बाहेर पडले नाहीत, ते यामुळेच.

चौथे उत्तर टिळकांचे. परक्या सरकारला आमच्या घरात शिरण्याचा हक्क नाही. ज्या सरकारला आपण मत देऊन निवडले नाही आणि ज्याला काढूही शकत नाही, त्याच्या हाती आज गर्भाधान दिले तर उद्या काय देणार? शिवाय शिक्षणाने जे होईल ते टिकेल. दंडाने होईल ते वरवरचे. आणि सुधारक स्वतः काय करतात ते बघा.

हा शेवटचा टोला बसण्यासारखा होता. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर रानड्यांनी विधवेशी लग्न करावे अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. (त्याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या, हा भाग वेगळा.) काशीनाथ त्र्यंबक तेलंग विधेयकाच्या बाजूचे, त्यांनीही आपल्या मुलीचे लग्न लहान वयातच लावून दिले. उदारमतवादावरचा हा आक्षेप आजतागायत टिकून आहे: भाषण सभागृहात, सोवळे घरात.

बर्क आणि मिल

आता या चार उत्तरांमागची तत्त्वे. युरोपात परंपरावादाची मांडणी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो एडमंड बर्क, आयर्लंडमध्ये जन्मलेला ब्रिटिश खासदार. फ्रेंच राज्यक्रांतीला जेमतेम वर्ष झाले असताना, १७९० मध्ये, त्याने तिच्यावर कडाडून टीका केली. समाज हा आज जिवंत असलेल्यांचा आपसातला करार नाही, त्यात मेलेले आणि अजून जन्माला यायचे आहेत तेही भागीदार आहेत, हे त्याचे मुख्य सूत्र. संस्था, रूढी, धर्म यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो. तो कागदावर लिहिलेला नसतो म्हणून एका हुशार पिढीने तो मोडीत काढू नये; मोडल्यावर काय हरवले ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बर्क बदलाच्या विरुद्ध मात्र नव्हता. ज्या राज्याला बदलण्याची सोय नाही त्याला टिकण्याचीही सोय नाही, असेही त्याचेच म्हणणे आहे. बदल हळू व्हावा, जुन्याला धरून व्हावा, आणि बदला म्हणणाऱ्याने आधी तो का हवा ते सिद्ध करावे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ही सिद्ध करण्याची जबाबदारी उलट बाजूवर टाकली. सज्ञान माणसाच्या वागण्याने दुसऱ्याला इजा होत नसेल तर त्याला अडवण्याचा हक्क ना सरकारला ना समाजाला. अडवणाऱ्याने कारण द्यावे; वागणाऱ्याने नव्हे. मिलला सरकारी जुलमाइतकीच भीती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जुलमाची होती, आणि ज्याने गावकीने वाळीत टाकलेले घर पाहिले आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. आगरकरांच्या लेखनात मिल आणि दुसरा इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर पानोपानी जाणवतात.

रानडे आणि बर्क शेजारी ठेवले तर नवल वाटते. धागा तुटू नये म्हणणारे, जुन्यातूनच नवे काढणारे रानडे महाराष्ट्राच्या इतिहासात उदारमतवादाचे पितामह म्हणून बसले आहेत, आणि पद्धतीने पाहिले तर बर्कच्या सगळ्यात जवळचे तेच.

भारताबद्दल तर बर्क आणि मिल या दोन ब्रिटिश विचारवंतांनी जागाच बदलल्या. परंपरावादी बर्कने कंपनीच्या लुटीबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला. १७८८ मध्ये सुरू झालेला तो खटला १७९५ मध्ये हेस्टिंग्जच्या सुटकेने संपला. इथल्या लोकांचे कायदे आणि चालीरीती जुन्या आणि मान राखण्याजोग्या आहेत, हे बर्क पार्लमेंटात सांगत होता. आणि स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता मिल? तो ३५ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी करत होता, आणि मागासलेल्या समाजांना हे स्वातंत्र्याचे तत्त्व लागू नाही, त्यांच्यावर त्यांच्या भल्यासाठी हुकमत चालवायला हरकत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. माणसाला स्वतःचे भले कळते, पण हिंदुस्थानी माणसाला नाही! हे ठाऊक असले की टिळकांचा संशय निव्वळ सनातनीपणा वाटत नाही. सुधारणेच्या नावाने येणारे सरकार राज्य करायलाच आले होते.

जहाल सनातनी, नेमस्त सुधारक

आपल्याकडे आजही माणसाला एकच लेबल चिकटवायची हौस आहे: हा पुरोगामी, तो प्रतिगामी. १८९० च्या दशकातले पुणे त्या लेबलांत बसत नाही. राजकारणात टिळक जहाल. सरकारशी थेट टक्कर, लोकांना रस्त्यावर आणणे, सगळे त्यांचे. समाजकारणात मात्र सावकाश चला म्हणणारे. मुलींच्या शाळेत मुलांसारखाच अभ्यासक्रम नको, असा त्यांचा आग्रह होता. रानडे-गोखले यांचे नेमके उलटे. समाजात लवकर बदल हवा, पण सरकारपुढे अर्ज, विनंत्या, घटनात्मक मार्ग. १८९५ मध्ये पुण्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप वापरू देऊ नये म्हणून इतका गदारोळ झाला, मंडप जाळण्याची भाषा झाली, की रानड्यांनी आपण होऊन परिषद दुसरीकडे नेली.

म्हणून एखाद्याबद्दल तो उदारमतवादी की परंपरावादी हे विचारण्याआधी कोणत्या बाबतीत, हे विचारायला हवे. कुटुंबाच्या की सरकारच्या की पैशाच्या? माणसे या तिन्ही ठिकाणी एकाच बाजूला असतात असे कोणी ठरवून दिलेले नाही. पक्षांना तसे सोयीचे असते, म्हणून पक्ष त्यांची मोट बांधतात.

आणखी एक माणूस या चौकटीत बसत नाही. जोतीराव फुले संमतिवयाचा कायदा होण्याआधीच, नोव्हेंबर १८९० मध्ये वारले. पण मलबारींच्या टिपणांवर त्यांनी १८८४ मध्ये मत दिले होते, आणि लग्नाची किमान वये सरकारने ठरवून द्यावीत असेच त्यात म्हटले होते. परके सरकार घरात शिरते, याची त्यांना टिळकांइतकी धास्ती का वाटली नाही? कारण ज्या घराची गोष्ट चालली होती त्या घरात त्यांना कधी बसू दिलेच नव्हते. परंपरा म्हणजे पिढ्यांचे शहाणपण, हे बर्कचे म्हणणे ज्याच्या पिढ्यांना ज्ञानापासून दूर ठेवले त्याला कसे पटावे? ते शहाणपण कोणाचे आणि कोणाच्या खर्चाने, हा फुल्यांचा प्रश्न.

तोच प्रश्न त्यांनी उदारमतवाद्यांनाही घातला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी मांडले की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. दार सर्वांना उघडे आहे म्हणून भागत नाही. दारापर्यंत पोचण्याचे बळही हवे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या तो याच विचाराचा कारभारी अवतार. तेव्हापासून उदारमतवाद्यांच्या घरातच दोन चुली आहेत. एक म्हणते, कायद्यापुढे सगळे सारखे झाले की पुरे. दुसरी म्हणते, मागून निघालेल्याला हात द्यावाच लागेल. आरक्षणावरचे आजचे बरेचसे वाद उदारमतवादी विरुद्ध परंपरावादी असे नसतात. ते या दोन चुलींमधले असतात.

कोण बरोबर होते?

मला विचाराल तर कायदा. टिळकांचा स्वेच्छेचा करार कागदावर कितीही उजवा असो, त्यावर सही बापाची होणार होती आणि भोगायचे मुलीला होते. ज्याला इजा होते त्यालाच बोलता येत नसेल तर 'समाजाला पटेपर्यंत थांबा' याचा अर्थ 'तिने थांबावे' असा होतो. मिलच्या कसोटीनेही हा खाजगी मामला उरत नाही.

पण टिळकांचे एक भाकीत खरे ठरले, हे लपवण्यात अर्थ नाही. कायदा झाला आणि बराचसा कागदावरच राहिला. खटले क्वचितच झाले. १९२९ मध्ये हरविलास सारडा यांच्या विधेयकाने मुलीचे लग्नाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ झाले. १ एप्रिल १९३० पासून तो लागू होणार हे कळताच मधल्या महिन्यांत ठिकठिकाणी बालविवाहांचा सपाटा लागला. १९७८ मध्ये वये १८ आणि २१ झाली. पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीला मात्र २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत नवऱ्याविरुद्ध बलात्काराच्या कायद्याचे संरक्षण नव्हते. आजही मराठवाड्यात ऊसतोडीला निघण्याआधी कोवळ्या मुलींची लग्ने उरकली जातात, आणि ती करणाऱ्या आईबापांना कायदा माहीत असतो. मुलीला मागे एकटी ठेवायची भीती कायद्याने जात नाही.

या सव्वाशे वर्षांत परंपरावादी बाजू सरकत गेली, हेही दिसते. बारा वर्षे हा धर्मावर घाला आहे म्हणणारा माणूस आज शोधून सापडणार नाही. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल (हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यांचे विधेयक) अडकले आणि आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले, त्यामागच्या कारणांत ते बिल प्रमुख होते. तेव्हाचे आक्षेप काय होते? ही संसद जनतेने निवडलेली नाही. समाज अजून तयार नाही. एकाच धर्माला हात का लावता? पहिले दोन थेट १८९१ मधले. पुढे १९५५-५६ मध्ये ते बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले, आणि मुलीच्या वारसाहक्कावरून तेव्हा तावातावाने बोलणाऱ्यांची नातवंडे आज बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतात ती, कायदाच गैर आहे म्हणून नव्हे, 'आपल्यात असे करत नाहीत' म्हणून. कायदा जिंकला, रूढीने आडवाट काढली.

पैशाचा मुद्दा

कर किती, सरकारने किती खर्च करावा, बाजार मोकळा सोडावा का, यावर अमेरिकेत हे दोन गट हटकून समोरासमोर येतात. कर कमी आणि बाजार मोकळा म्हणणारे तिथे परंपरावादी. सरकारी मदतीचा हात मोठा हवा म्हणणारे उदारमतवादी. आपल्याकडे ही वाटणी तशी पडत नाही, आणि त्याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण शरद जोशी.

शेतकरी संघटनेचे जोशी शेतीमालाच्या बाजारातून सरकार बाहेर काढा म्हणत. निर्यातबंदी नको, लेव्ही (सक्तीची सरकारी खरेदी) नको, सूट-सबसिडीही नको. अमेरिकेत ते उजवे ठरले असते. पण याच माणसाने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले, आणि नंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला: नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करावा. दोन्हींचे मूळ एकच होते. माणसाच्या हातात त्याच्या कष्टाचा मोबदला आणि त्याची मालमत्ता असली पाहिजे, मग वाटेत सरकार येवो की सासर.

लक्ष्मीमुक्ती स्वेच्छेची होती, कायद्याची नव्हे. आणि गावेच्या गावे त्यात उतरली, सातबाऱ्यावर बायकांची नावे चढली. टिळकांच्या कराराला मी वर नापास केले, पण हाही स्वेच्छेचाच मार्ग होता आणि तो चालला. फरक मला एवढाच दिसतो की इथे ज्या बायकांचा प्रश्न होता त्या चांदवडच्या मांडवात स्वतः हजर होत्या, आणि घरी जाऊन विचारू शकत होत्या.

दोन आजचे प्रश्न

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती ३० दिवस सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि त्या मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकतो. वैदिक पद्धतीने लग्न करणाऱ्या जोडप्याला अशी नोटीस नाही. उदारमतवादी विचारतो: दोन सज्ञान माणसे लग्न करतात, त्याची दवंडी कशाला? घरच्यांना आधी कळून मुलीला कोंडून ठेवण्यापलीकडे यातून काय साधते? परंपरावाद्याचे उत्तर असे की लग्न हा दोघांचाच मामला कधीच नव्हता. त्यात दोन घरे गुंततात, पुढे मोडले तर मुलीला माहेरीच यावे लागते, मग त्या घराला आधी कळायला नको? फसवणूक, पहिले लग्न लपवणे हे प्रकार होतातच. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण मग हीच नोटीस मांडवातल्या लग्नांनाही का नाही, यावर समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेले नाही.

दुसरा प्रश्न दारूचा, आणि इथे माझीच पंचाईत होते. महाराष्ट्रात एखाद्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडवी बाटली'ला मत दिले तर तिथले दारूचे दुकान बंद करता येते. मिल म्हणेल, सज्ञान माणसाने काय प्यावे हे बहुमताने ठरवणे म्हणजे शेजाऱ्यांची हुकूमशाही. आणि या मतदानासाठी गावोगाव राबणाऱ्या बायकांना परंपरावादी म्हणायची माझी हिंमत नाही. त्या नवऱ्याच्या, सरपंचाच्या आणि दुकानदाराच्या विरोधात उभ्या राहतात. तो पितो, पण मार ती खाते आणि किराण्याचे पैसे तिचे जातात, म्हणजे इजा दुसऱ्याला होतेच आहे. मिलचाच नियम मिलच्या विरोधात लावता येतो.

जिल्हाभराची बंदी ही मात्र वेगळी बाब. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बायकांच्या मोठ्या चळवळीनंतर आली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली. बेकायदा दारू वाढली आणि महसूल बुडाला ही कारणे पुढे आली. कायद्याने सवय सुटत नाही, हा टिळकांचा जुना मुद्दा त्या वेळी मंत्रालयाच्या तोंडी होता, आणि बंदी राहू द्या म्हणणाऱ्यांत सुधारकांच्या परंपरेतले अनेक लोक होते.